कॉन्टॅक्ट लेन्स: आमच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या नौपाड्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर काढणारी, लेन्सचं माप घेणारी. डोळ्यांची डॉक्टर नव्हे. स्वतः एकोणीस वर्षं लेन्स घालते. खालचे प्रश्न रोज ठाणे-ऐरोली-वाशी करणाऱ्या माणसांनी, त्यांच्या आयांनी आणि एकदोन नवरदेवांनी काउंटरला टेकून विचारलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. लोक जिथे हमखास चुकतात तिथेच ती लांबली आहेत.

डोळ्यात सतत काहीतरी गेल्यासारखं वाटत राहील का?

पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं वाटेल. बोचतं ते बहुतेक वेळा पापणीला. लेन्सची कड तिला नवीन असते. मग ती सरावते आणि लेन्स आहे हे तुम्ही विसरून जाता. हे विसरणं म्हणजेच माप बरोबर बसल्याची खूण. विसरलेली लेन्स पुन्हा जाणवायला लागली, तर ती काहीतरी सांगते आहे: उलटी लागली आहे, खाली धुळीचा कण अडकला आहे, कड फाटली आहे, डोळा कोरडा पडला आहे किंवा तिचे दिवस भरले आहेत. काढा, सोल्युशनने धुवा, उजेडात धरून बघा, परत लावा. दुसऱ्यांदाही बोचली तर त्या दिवशी चष्मा. "घालून घालून सवय होईल" हे नव्या कोल्हापुरी चपलेला ठीक आहे.

उलटी की सुलटी, कसं ओळखायचं?

तर्जनीच्या टोकावर ठेवून डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि बाजूने बघा. सुलटी लेन्स वाटीसारखी दिसते, कडा सरळ वर गेलेल्या. उलटी असेल तर कडा परातीसारख्या बाहेर फाकतात. तरी शंका असेल तर तळहातावर घेऊन दोन बोटांनी मधोमध हलकेच दुमडा. कडा करंजीसारख्या आत एकमेकींना मिळाल्या तर सुलटी. बोटांकडे बाहेर वळल्या तर उलटी. उलटी लागली म्हणून डोळ्याला इजा होत नाही. फक्त ती सरकते, बोचते आणि दिवसभर चिडचिड होते.

चष्म्याचा नंबर आहे माझ्याकडे. त्यावरूनच ऑनलाइन मागवते ना, तुमच्याकडे कशाला?

या प्रश्नात माझा स्वार्थ आहे हे आधीच मान्य करते. मागवा कुठूनही, पण माप घेतल्यावर. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट डोळ्यावर. त्यामुळे चारच्या पुढे नंबर गेला की दोन्हींत फरक पडतो. चष्म्याचा उणे ६ असेल तर लेन्सचा उणे ५.५०च्या आसपास निघतो. अधिक नंबर असेल तर उलट, लेन्सचा थोडा वाढतो. शिवाय लेन्सच्या खोक्यावर आणखी दोन आकडे असतात. एक वक्रतेचा, साधारण ८.४ ते ८.८; दुसरा व्यासाचा, १४च्या आगेमागे. लेन्स घट्ट झाली तर संध्याकाळी बुबुळाभोवती लाल कडं दिसतं, सैल झाली तर पापणी मिटली की नजर हलते. हे कागदावर कळत नाही, डोळ्यावर लावून मशीनखाली बघावं लागतं.

सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईमुळे येणारा, नंबर असेल तर टोरिक लेन्स लागते. ती डोळ्यावर ठरावीक कोनातच बसायला हवी. पापणी मिटल्यावर दोन सेकंद धुरकट आणि मग स्पष्ट, असं होत असेल तर लेन्स फिरते आहे. नंबर चुकला असं समजून लोक तीन-तीनदा नंबर काढत बसतात.

रोजची, पंधरा दिवसांची की महिन्याची?

आठवड्यातून दोनदा, लग्नाला किंवा ट्रेकला घालणार असाल तर रोजची: सकाळी नवी जोडी, रात्री कचऱ्यात. सोल्युशन नाही, डबी नाही, आळसाला वाव नाही. रोज घालणाऱ्याला महिन्याची स्वस्त पडते, पण हिशेब करताना सोल्युशनच्या बाटल्याही धरा.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. महिन्याची लेन्स म्हणजे तीस वेळा घालायची लेन्स नव्हे. पाकीट फोडल्यापासून तीस दिवस. मधले दहा दिवस डबीत पडून होती म्हणून ती तरुण राहत नाही. फोडलेल्या दिवशी मोबाइलवर रिमाइंडर लावा. "अजून चांगली दिसतेय" या कारणावर कृपया जाऊ नका, जंतू दिसत नाहीत.

डोळ्याला श्वास घ्यायला देणारी लेन्स, ही नुसती जाहिरात आहे का?

नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्यामुळे त्याला प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो, आणि लेन्स नेमकी त्या वाटेवर बसते. पूर्वी काचेच्या, मग कडक प्लॅस्टिकच्या लेन्स होत्या. ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने पाणी धरून ठेवणारं मऊ प्लॅस्टिक शोधलं आणि १९६१च्या नाताळात घरच्या स्वयंपाकघरात, मुलांच्या जोडाजोडीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून फिरत्या साच्यात मऊ लेन्स ओतल्या. १९७१मध्ये अमेरिकेत अशा लेन्सना मंजुरी मिळाली. त्या लेन्समधून प्राणवायू आतल्या पाण्यावाटे जायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन हायड्रोजेल आलं. त्यात सिलिकॉनमधूनही वाट मिळते, म्हणून कितीतरी जास्त प्राणवायू पोचतो. खोक्यावर हे दोन शब्द आहेत का ते बघून घ्या. दिवसभर घालणाऱ्यांना मी हीच देते.

ऐरोलीच्या ऑफिसात चार वाजले की डोळ्यांत वाळू पडल्यासारखं होतं. लेन्स बदलू का?

हा आमच्याकडचा एक नंबरचा प्रश्न. लेन्स बदलायच्या आधी खुर्ची बदला. पहिल्यांदा वर बघा: एसीची जाळी थेट तोंडावर फुंकते आहे का? असेल तर जागा बदला, नाहीतर जाळीची दिशा फिरवून घ्या. एका मुलाच्या तीन कंपन्यांच्या लेन्स आम्ही बदलून पाहिल्या. शेवटी तो दोन खुर्च्या सोडून बसायला लागला आणि प्रश्न मिटला.

दुसरं, पापण्या. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे बघताना हा आकडा निम्म्यावर किंवा त्याहीखाली येतो, आणि मिटली तरी अर्धीच मिटते. लेन्सचा खालचा भाग त्यामुळे उघडाच राहतो आणि सुकतो. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर बघायचं आणि दहा वेळा पूर्ण, पापणीला पापणी टेकेल अशी मिटायची. शेजारच्याला वाटेल झोप आली आहे. वाटू दे. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा खाली ठेवला तर पापणी आपोआप कमी उघडी राहते.

मग थेंब. लेन्स असताना चालतात असं बाटलीवर लिहिलेले, शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या. गुलाबपाणी, मध, "डोळे थंड करणारं" काहीही लेन्सवर घालायचं नाही. लेन्स नसतानाही घालू नका असं माझं मत आहे, पण आजीपुढे माझं काय चालणार.

आणि सकाळी ट्रान्सहार्बर लोकलच्या दारात उभं राहून येत असाल, तर डोळा ऑफिसात पोचायच्या आधीच अर्धा वाळलेला असतो. बाइकवाल्यांनी घोडबंदर रोडवर हेल्मेटची काच खाली घ्यावी. धूळ ही चष्म्यापेक्षा लेन्सवाल्याला जास्त छळते, कारण कण लेन्सखाली जाऊन बसतो.

सोल्युशन संपलं तर एक दिवस बिसलेरीच्या पाण्यात चालेल ना? उकळलेल्या?

नाही. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळून गार केलेलं नाही, बाटलीबंद नाही. थुंकी तर नाहीच (हो, विचारतात, बहुतेक जण "माझा एक मित्र" अशी सुरुवात करतात). पाण्यात अ‍ॅकँथमिबा नावाचा एकपेशीय जीव असतो. प्यायला तो निरुपद्रवी, पण लेन्सखाली अडकून बुबुळात शिरला की महिनोन्‌महिने औषध चालतं आणि डोळ्यात कायमचं फूल पडू शकतं. हे क्वचित होतं, पण ज्यांना होतं त्यांत बहुतांश लेन्स घालणारेच असतात.

म्हणून अंघोळीआधी लेन्स लावायची नाही, अंघोळीनंतर लावायची. पोहताना नाही, मग तो महापालिकेचा तरण तलाव असो की सोसायटीचा. क्लोरीनने हा जीव मरेलच असं नाही. नंबरचे पोहण्याचे गॉगल मिळतात, ते घ्या. पावसात भिजलात आणि डोळ्यांत पाणी गेलं तर घाबरू नका. पोचल्यावर हात कोरडे करून लेन्स काढा, रोजची असेल तर टाका, महिन्याची असेल तर नीट धुवून पूर्ण वेळ सोल्युशनमध्ये ठेवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बॅगेत चष्मा हवाच. धबधब्याखाली जायचं तर आधीच चष्म्यावर या.

सोल्युशन खरंच संपलं आणि महिन्याची लेन्स डोळ्यावर आहे, तर रात्री काढून सरळ टाकून द्या. एका जोडीचे पैसे जातील.

सोल्युशन कसं वापरायचं? डबीत ओतलं की झालं?

झालं नाही. हात आधी साध्या साबणाने धुवा. मॉइश्चरायझरवाला हँडवॉश बोटांवर पातळ थर ठेवतो आणि तो लेन्सवर जातो. मग हात पूर्ण कोरडे करा, कारण बोटावरचं पाणी हेही नळाचंच पाणी. टर्किश टॉवेलचे धागे चिकटतात, म्हणून जुना सुती पंचा उत्तम. बेसिनचं भोक बुजवा. लेन्स तळहातावर, वर सोल्युशनचे तीन-चार थेंब, आणि बोटाच्या पेराने, नखाने नव्हे, सरळ रेषेत पुढे-मागे वीस सेकंद चोळा; दुसरी बाजूही. मग सोल्युशनची धार. मग डबीत, ताज्या सोल्युशनमध्ये. बाटलीवर "न चोळता" लिहिलं असलं तरी चोळा. वरणाचं पातेलं नुसतं भिजत घालून स्वच्छ होत नाही.

डबीतलं कालचं सोल्युशन ओतून द्यायचं. त्यातच थोडं वर टाकणं म्हणजे शिळ्या आमटीत नवी फोडणी. सकाळी लेन्स लावल्यावर डबी सोल्युशनने खंगाळून, टिशूवर उपडी वाळत ठेवा, बाथरूमच्या बाहेर. डबी तीन महिन्यांनी बदला. बाटली उघडल्यावर किती दिवस चालते ते तिच्यावरच छापलेलं असतं.

सलाइन आणि सोल्युशन एक नव्हे. सलाइन फक्त धुतं, जंतू मारत नाही. आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घेतलीत तर तिच्यासोबतची खास उभी डबीच वापरायची. तळाशी प्लॅटिनमचा मुलामा असलेली चकती असते, ती बुडबुडे काढत पेरॉक्साइडचं पाणी करते. त्याला सहा तास लागतात. ते थेट डोळ्यात गेलं तर अशी आग होते की माणूस ते नाव आयुष्यभर विसरत नाही.

लेन्स लावून झोप लागली तर?

ठाणे-वाशीच्या गाडीत डुलकी लागली तर उठल्यावर थेंब टाका, पापण्या मिटा-उघडा, लेन्स हलू लागली की पुढे चला. डोळ्याला चिकटलेली लेन्स लगेच ओढू नका.

रात्रीची झोप वेगळी. मिटलेल्या पापणीखाली आधीच प्राणवायू कमी, त्यात लेन्स. जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. माझंच सांगते. आतेबहिणीच्या लग्नाहून रात्री अडीचला घरी आले आणि तशीच आडवी झाले. सकाळी उजवा डोळा उघडेना, दिव्याकडे बघवेना. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या उजेडात बघितलं आणि आरशासमोर धरून मलाही दाखवलं: बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा हिरवा ठिपका चमकत होता. तीन आठवडे चष्मा. तेव्हा मी ऑप्टोमेट्रीच्या तिसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. तेव्हापासून डबी आणि बाटली उशाशी असते. उठून बेसिनपर्यंत जायचा कंटाळा हीच खरी अडचण असते. हात पुसायला सॅनिटायझर मात्र नको, त्याचा अंश डोळ्यात झोंबतो. दमलेल्या दिवसांसाठी रोजची टाकाऊ लेन्स ठेवा.

लेन्स डोळ्याच्या मागे गेली तर मेंदूत जाईल?

जाणार नाही. पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येतं, मागे रस्ताच नसतो. फार तर वरच्या पापणीखाली घडी होऊन बसेल. थेंब टाका, खाली बघा, वरची पापणी हलकेच चोळा, येईल. कधी कधी ती डोळ्यात नसतेच. शर्टाच्या खिशावर सापडते.

गॅससमोर उभं राहिलं, फोडणी दिली, तर लेन्स वितळते का?

नाही. डोळ्यावर लेन्स वितळेल एवढी आच लागेपर्यंत तुम्ही केव्हाच मागे सरकलेले असता.

आणि तिखट?

हा खरा ठाणेकर प्रश्न. मिसळ हाताने खाल्ली, हात धुतला, तरी रात्री लेन्स काढताना डोळा पेटतो. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे नुसत्या पाण्याने हात धुणं म्हणजे ते सगळीकडे पसरवणं. आधी बोटांना थोडं खोबरेल चोळा, मग भांड्याच्या साबणाने दोनदा, नखांच्या कडांसकट. वाशीच्या मसाला मार्केटात काम करणारे एक काका आमच्याकडे लेन्स घेतात. त्यांचा नियम सोपा आहे: मार्केटात चष्मा, लेन्स फक्त रविवारी.

तिखट लेन्सला लागलंच तर ती जोडी टाका. धुवून जात नाही.

काजळ, मेकअप आणि लग्नासाठी रंगीत लेन्स?

क्रम लक्षात ठेवा: आधी लेन्स, मग मेकअप, रात्री आधी लेन्स काढायची, मग मेकअप. काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर लावू नका. तिथेच अश्रूंतला तेलकट थर तयार करणाऱ्या ग्रंथींची तोंडं असतात, ती बुजतात.

रंगीत लेन्सबद्दल मी जरा कडक आहे. शून्य नंबरची असली तरी ती लेन्सच. पार्लरमधल्या एकाच डबीतली जोडी तीन नववधूंना लावलेली मी पाहिली आहे. स्वतःची, सीलबंद, मापाची घ्या आणि लग्नाच्या आठवडाभर आधी दोनदा घालून बघा. होमाच्या धुरासमोर पहिल्यांदा प्रयोग करू नका. रंगपंचमीला आणि विसर्जनाच्या गुलालात तर चष्माही नको असतो, लेन्स कुठली.

डोळा लाल झाला. केमिस्टने थेंब दिले आहेत, घालू?

घालू नका. आधी लेन्स काढा. लेन्स काढल्यावर तासाभरात लाली उतरली तर कोरडेपणा किंवा धूळ असेल. दोन दिवस चष्मा घाला. पण दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधूक दिसत असेल, चिकट स्राव येत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. रविवार असला तरी. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, रुग्णालयाचा तातडीचा विभाग उघडा असतो. जाताना लेन्स आणि डबी टाकून देऊ नका, सोबत न्या; त्यातून जंतू तपासता येतात.

केमिस्टकडच्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. लाली दोन तासांत जाते आणि बरं वाटतं, पण आतला संसर्ग त्याच्या आडोशाने वाढतो. आमच्याकडे आलेल्या सगळ्यात वाईट दोन डोळ्यांची गोष्ट हीच होती.

२०२३च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली होती, तेव्हा अनेकांनी बरं झाल्यावर तीच लेन्स परत लावली. डोळे आले की ती जोडी, ती डबी आणि ती उघडी बाटली, तिन्ही कचऱ्यात. बेसिनमध्ये किंवा कमोडमध्ये नको. ते प्लॅस्टिक शेवटी खाडीतच जातं.

माझी चाळिशी लागली. लेन्स घालून मेनूकार्ड वाचता येत नाही.

तीन वाटा आहेत. लांबच्या लेन्सवर जवळचा स्वस्त चष्मा. एका डोळ्याला लांबचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर. किंवा मल्टिफोकल लेन्स, म्हणजे एकाच लेन्समध्ये लांबचा आणि जवळचा दोन्ही नंबर. दुसरी वाट ऐकायला विचित्र वाटते, पण पुष्कळांचा मेंदू आठवड्याभरात ती पचवतो. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी आधी घराजवळच्या गल्लीत करून बघावं, पाम बीच रोडवर नाही.

मुलगी नववीत आहे. द्यायची का?

वय मी फारसं बघत नाही, कप्पा बघते. दप्तर, कपाट, डबा स्वतः आवरते का? मग द्या, रोजच्या टाकाऊ द्या. आईने लेन्स काढून द्यायच्या ठरल्या असतील तर अजून एक वर्ष थांबा.

पहिल्यांदा येताना काय आणायचं?

सध्याचा चष्मा, जुना कागद असेल तर तो, आणि चालू गोळ्यांची नावं. सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात. नखं कापून या. तासभर मोकळा ठेवा. माप वीस मिनिटांत होतं, लावायला-काढायला शिकण्यात उरलेला वेळ जातो, आणि स्वतःच्या हाताने तीनदा लावून तीनदा काढल्याशिवाय आम्ही डबी देत नाही. पहिल्या दिवशी चार तास, मग रोज एखादा तास वाढवत दहा-बारापर्यंत. आठवड्याने परत दाखवायला यायचं, तेही संध्याकाळी, लेन्स घालूनच. सकाळी सगळेच डोळे छान दिसतात.